गटातल्या सगळ्यांकडे एकाच कंपनीचा चाकू का असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या तुमच्या ट्रेकिंगच्या गटात नऊ जण आहेत. त्यातल्या सहा जणांकडे मोरा या स्वीडिश कंपनीचा चाकू आहे, दोघं लाल स्विस चाकूशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि दोन्हीकडची मंडळी तुम्हाला ‘आमचाच घ्या’ म्हणून सांगताहेत. ही पसंती बनते कशी, आणि नव्या माणसानं तिच्यावर किती भिस्त ठेवावी?

मी २७ वर्षं चोरल, जानापाव, कजलीगढ, पातालपाणी या भागात शाळकरी मुलांची शिबिरं घेते आहे. चाकू कसा धरायचा, कसा द्यायचा, कसा घ्यायचा हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी शिकवते. त्यामुळे कुणाला कुठला चाकू का आवडला, हे मी फार जवळून बघितलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. चाकूची पसंती निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर ठरते. ज्या पात्याची गेलेली धार माणसाला स्वतःच्या हातानं परत आणता येते, ते पातं त्याचं होतं. पुढे तो चाकू हरवला, तर तो त्याच कंपनीचा दुसरा आणतो. पोलाद, मूठ, जाहिरात, दिसणं हे सगळं त्याच्या मागून येतं.

सुरुवात मात्र बहुतेकांची नक्कल करूनच होते, माझीही तशीच झाली. १९९६ मध्ये मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा प्राथमिक कोर्स केला. आमच्या प्रशिक्षकांच्या कमरेला दोरीनं बांधलेला एक लाल स्विस चाकू असायचा. दोर कापायला, डबा उघडायला, कुणाच्या पायात काटा गेला तर त्यातलाच छोटा चिमटा काढायला, सगळ्याला तोच. मला तो चाकू हवा होता, कारण मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. परदेशातून येणाऱ्या मामेभावाला सांगून तो मागवला, आणि सात वर्षं तो माझ्या खिशात राहिला. एका पावसाळ्यात कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानावरचा कलाकंद खाऊन मी घाईनं महूच्या मीटरगेज गाडीत चढले. घरी येऊन बघते तर चाकू नाही. (तो कलाकंद खायला म्हणून कालाकुंडला जावं, इतका तो चांगला असतो.)

दुसरा घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्यापुढे पुष्कळ पर्याय होते. तरी मी तोच घेतला. तंबूत दिवा न लावता कुठल्या खाचेत नख घातलं की कुठलं पातं उघडतं, हे माझ्या बोटांना पाठ होतं. आणि आमच्या दगडावर किती फेऱ्या मारल्या की त्याला धार येते, हेही मला ठाऊक होतं. पहिली खरेदी प्रशिक्षकांमुळे झाली होती, ही दुसरी माझ्या स्वतःच्या अनुभवानं झाली. म्हणूनच कुणी एखाद्या कंपनीची फार बाजू घेऊन बोलायला लागलं, की मी त्याला विचारते, ‘तू तो कितव्यांदा घेतलास?’

आता या कंपन्यांकडे बघू. भटक्या लोकांत सगळ्यात जास्त प्रेम मिळालेले तीन चाकू एकाच सात वर्षांच्या काळात जन्माला आले, आणि तिघांपैकी एकही ‘साहसा’साठी बनवलेला नव्हता. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईबाख गावात कारखाना काढला. स्विस सैनिकांसाठीच्या चाकूंचा पहिला मोठा साठा जर्मनीतल्या झोलिंगनहून आणावा लागला होता. ते काम आपल्या देशात व्हावं म्हणून एल्सनर यांनी धडपड केली, आणि १८९१ मध्ये स्वतः सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांचा चाकू आला, आज आपण ‘स्विस चाकू’ म्हणतो तो हाच. व्हिक्टोरिया हे त्यांच्या आईचं नाव, तेच त्यांनी आपल्या मालाला दिलं. १९२१ मध्ये गंज न धरणारं पोलाद वापरात आलं, त्याच्या फ्रेंच नावातलं ‘इनॉक्स’ त्या नावाला जोडलं गेलं, आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स.

तुमच्या सहा जणांचा चाकू येतो स्वीडनमधल्या मोरा गावाजवळून. फ्रॉस्ट-एरिक एर्सन हे गृहस्थ अमेरिकेत राहून परत आले, आणि १८९१ मध्ये त्यांनी बर्फावरून ओंडके ओढून न्यायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. चाकू हे तिथलं जोडकाम होतं. तिसरा फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतातला ओपिनेल, १८९० चा. ज्योझेफ ओपिनेल हा शेतीची अवजारं बनवणाऱ्या घरातला तरुण मुलगा. त्याचा लाकडी मुठीचा, घडी होणारा साधा चाकू शेतकऱ्यांच्या खिशात गेला.

हा इतिहास सांगते तो एका कारणासाठी. सैनिक, लाकूडतोडे, शेतकरी ही सगळी माणसं हाताशी असेल त्या दगडावर स्वतः धार लावणारी. तेव्हा त्यांच्या चाकूचं पोलाद असं हवं की ते धार धरून ठेवेल आणि तरीही साध्या दगडाला दाद देईल. स्विस चाकूच्या पात्याची कठीणता रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास ठेवतात, ती यासाठीच. आजच्या महागड्या चाकूंत त्याहून पुष्कळ कठीण पोलाद मिळतं. २००१ मध्ये आलेल्या एस-३०-व्ही या पोलादात व्हॅनेडियम कार्बाइडचे कण असतात. ते इतके कठीण असतात की घरातल्या नेहमीच्या दगडाला ते सहज दाद देत नाहीत, हिऱ्याची पट्टी असली तर बरं पडतं. हे पोलाद धार खूप दिवस टिकवतं यात शंका नाही. पण ती एकदा गेली की नवशिका हतबल होतो, चाकू कपाटात जातो, आणि कपाटातल्या वस्तूवर कुणाचा जीव बसत नाही.

निसण्यावर काय घडतं ते एका प्रसंगातून सांगते. चोरलच्या काठी शिबिर होतं, संध्याकाळी दाल-बाफल्यांचा बेत होता. गोवऱ्या पेटल्या होत्या आणि दहा किलो कांदे चिरायचे होते. नववीतल्या एका मुलीच्या हातातला मोरा दुपारभर दोऱ्या आणि पुठ्ठे कापून बोथट झाला होता. ती कांद्यावर जोर लावायला लागली, पातं कांद्याच्या सालीवरून निसटलं आणि डाव्या हाताच्या अंगठ्यापासून केसभर अंतरावरून गेलं. मी तिला बाजूला घेतलं आणि दगड पाण्यात भिजत घातला. मोराच्या पात्याला दोन्ही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर रुंदीचा सपाट उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत जातो. तिला म्हटलं, ‘तो उतार दगडावर टेकव आणि पातं हळूच पुढे-मागे डोलव. एका जागी ते आपणहून बसेल.’ दोन-तीनदा डोलवल्यावर पातं दगडावर टक्क बसलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं. कोन मोजायचा नाही, अंदाज करायचा नाही. पातंच सांगतं की मला असं धर.

मग धार पुढे ठेवून, दगडाची पातळशी चकती काढावी तसं, वीस वेळा ढकलायचं. सुरुवातीला आवाज खरखरीत येतो. उतार सगळीकडून लागायला लागला की तो सर्र असा एकसारखा होतो. दगडावर करडा गाळ जमतो. मग उलट्या बाजूनं अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा, अलगद न्यायचा, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. तिथे केसासारखी बारीक उलटलेली कडा बोटाला लागते. ती लागली म्हणजे या बाजूचं काम झालं. मग दुसरी बाजू, मग दोन्ही बाजूंनी एकेक हलकी फेरी, आणि शेवटी कातडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा उलट ओढणं. पंधरा मिनिटांनी तिनं पातं टोमॅटोवर ठेवलं आणि नुसतं मागे ओढलं. साल उघडली. तिनं लगेच दुसरा टोमॅटो घेतला, मग तिसरा. रात्री जेवताना माझ्याशेजारी बसून तिनं विचारलं, ‘ताई, हाच चाकू कुठे मिळतो? हाच, दुसरा नको.’

‘हाच, दुसरा नको’ हे वाक्य मी इतक्या वर्षांत कितीतरी मुलांकडून ऐकलं आहे. आणि जवळपास प्रत्येक वेळी ते पहिल्यांदा धार लावून झाल्यावर ऐकलं आहे.

स्विस चाकूला हा रुंद उतार नसतो. पातं पातळ होत येतं आणि अगदी कडेला एक बारीक दुसरा कोन असतो. तो हातानं सांभाळावा लागतो. शिकायला वेळ लागतो, पण ज्याला तो जमला त्याला इतर कुठल्याही सुरीला धार लावता येते, स्वयंपाकघरातल्यासुद्धा. तुमच्या गटातले ते दोघं इतके ठाम का आहेत, त्याचं कारण मला वाटतं हेच असावं. त्यांनी कष्टानं मिळवलेली गोष्ट त्या चाकूत आहे.

शिकवणाऱ्याचा वाटाही मोठा. कॅनडात मोर्स कोहान्स्की म्हणून रानात राहण्याचं कौशल्य शिकवणारे एक फार मोठे गुरू होऊन गेले. महागडे चाकू बाजूला ठेवून ते स्वस्तातला मोरा वापरायला सांगत. त्यांच्याकडे शिकलेली माणसं पुढे स्वतः शिकवायला लागली, आणि तो चाकू त्यांच्याबरोबर जगभर गेला. स्वस्त चाकूचा एक मोठा फायदा शिबिरात कळतो. तो वापरायला माणूस घाबरत नाही. महागड्या चाकूवर ओरखडा पडेल म्हणून जो माणूस तो कांदा चिरायलाही काढत नाही, त्याच्या हाताला तो चाकू कधी कळायचाच नाही.

तुमच्या गटात मला एक गोष्ट तपासायला आवडेल. त्या सहा जणांना विचारा, धार कोण लावतं? सहाही जण आपापली लावत असतील, तर त्यांचं मत सहा जणांचं समजा. एकच जण सगळ्यांचे चाकू घरी नेऊन धार लावून आणत असेल, तर ती पसंती त्या एकट्याची आहे, बाकी पाच जण त्याच्यावर विसंबून आहेत. मी असे गट पाहिले आहेत. तो माणूस पुण्याला नोकरीला गेला की वर्षभरात सगळे चाकू बोथट.

आता कंपनी कशाला हवी, लोहाराचा चाकू काय वाईट, हा प्रश्न मला इंदुरात नेहमी विचारतात, आणि तो योग्यच आहे. महूच्या वाटेवर गाडिया लोहारांचे मुक्काम पडतात. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यापासून ते विळे, कोयते, सुऱ्या घडवतात. पुरुष लालबुंद पट्टी सांडशीत धरून फिरवतो आणि बाई उभी राहून घण घालते, तिचा एकही घाव चुकत नाही. अशा एका जोडप्याकडून मी २००९ मध्ये सुरी करून घेतली. ती आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि तिच्याइतकी धार धरणारं दुसरं पातं माझ्याकडे नाही. म्हणून पुढच्या वर्षी त्याच हातांकडून आणखी एक घडवून घेतली. आठवड्यात तिची धार मुरडली.

त्याचं कारण मला त्यांनीच समजावलं. पोलाद तापवून विझवलं की ते काचेसारखं कठीण आणि ठिसूळ होतं. मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा असतो. या सगळ्याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो, आणि चाकूचा सगळा जीव त्यात आहे. लोहार ते तापमान रंगावरून ओळखतो. पहिली सुरी संध्याकाळच्या अंधारात झाली होती, दुसरी भर दुपारी. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्याला नीट दिसत नाही. कसबात काही कमी नव्हतं, उजेड जास्त होता. कंपनीच्या भट्टीला रंग बघावा लागत नाही, तिथे तापमापक असतो. कंपनीकडून आपण खरं तर हेच विकत घेतो, की हरवलेल्या पहिल्या चाकूसारखाच दुसरा निघेल. अमेरिकेतल्या बक कंपनीची ४२०-एचसी या अगदी साध्या पोलादाची पातीही नावाजली गेली, कारण पोलादाला पाणी देण्यातले जाणकार पॉल बॉस यांच्या पद्धतीनं त्याला दिलेलं पाणी उत्तम होतं आणि ते प्रत्येक पात्याला तसंच दिलं जाई.

एकदा मीही दिसण्याला भुलले होते. पाठीवर करवतीचे दात, पोकळ मुठीत गळ आणि काड्यापेटी, मुठीच्या टोकाला होकायंत्र, असा एक मोठा चाकू मी शिबिरासाठी घेतला. जानापावला तंबूची खुंटी तासताना तो मुठीपाशीच मोडला आणि पातं माझ्या बुटावर पडलं. पोकळ मुठीत पात्याचा भाग जेमतेम दोन बोटं शिरलेला होता. तेव्हापासून सरळ, म्हणजे घडी न होणारा चाकू घेताना पोलादाचा किती भाग मुठीच्या आत जातो, हे मी आधी विचारते.

माळव्याच्या हवेचाही पसंतीवर परिणाम होतो. ओपिनेल मला फार प्रिय आहे, पण त्याची मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, आणि आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये ती फुगते. पातं इतकं घट्ट बसतं की नखानं उघडत नाही. मग मुठीचं मागचं टोक दगडावर किंवा टेबलावर ठोकायचं, म्हणजे पातं थोडं बाहेर डोकावतं. साव्हुआतले लोक असंच करतात. कार्बन पोलादाचं पातं मे महिन्यात कैरी चिरायला घेतलं तर पाचच मिनिटांत निळंकाळं पडतं आणि पहिल्या फोडींना लोखंडाची चव येते. तो डाग गंजाचा नसतो, उलट तो गंज थोडा अडवतो. काहींना तो रंग आवडतो, काहींना किळस येते, आणि तेवढ्यावरून कंपनी बदललेली मी पाहिली आहे. पावसाळ्यात हिंडणार असाल, ओलं पातं पुसायची सवय नसेल, तर न गंजणारंच घ्या.

परदेशी लोक मोराचं कौतुक करताना लाकडं फोडण्याबद्दल आणि शेकोटीबद्दल बोलतात. आपल्याकडच्या राखीव जंगलात लाकूड तोडायला मनाई आहे. तुमचं काम कांदा, दोरी, फळं, चिकटपट्टी, कुणाच्या बुटाचा निघालेला तळ, एवढंच असणार. त्याला चार इंचांचं पातं पुष्कळ. कायद्याचंही लक्षात ठेवा. मध्य प्रदेशात १९७४ च्या अधिसूचनेमुळे सहा इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार शस्त्र बाळगणं गुन्हा होऊ शकतो, आणि बटन दाबून उघडणारा चाकू कितीही लहान असला तरी त्यात येतो. अभयारण्यात तर आणखी जपायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ‘शस्त्रा’च्या व्याख्येत चाकूचा उल्लेख केला आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. रालामंडलला जाताना माझा चाकू घरी असतो.

तेव्हा तुम्ही असं करा. चाकू अजून घेऊ नका. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा, एक जाड आणि एक बारीक, असा निसणा आणा आणि घरातल्या सुरीवर हात बसवा. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की मित्रांकडून एका ट्रेकला मोरा मागून घ्या, पुढच्या ट्रेकला स्विस. दोन्ही भरपूर वापरा, बोथट करा, आणि परत देण्याआधी स्वतः धार लावून द्या. मित्राचा चाकू बोथट परत करणं बरं दिसत नाही, त्यामुळे हात मनापासून चालेल. दोन्हींपैकी ज्याला धार लावताना वेळेचं भान राहिलं नाही, तो घ्या. स्विस घेणार असाल तर ओळखीच्या दुकानातूनच घ्या, त्याच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. मोरा घेणार असाल तर दुकानातच चाकू म्यानात घालून म्यान उलटं धरा आणि दोन-तीन झटके द्या. चाकू सुटून पडला तर ते म्यान परत द्या आणि दुसरं मागा.